बा

उद्यमबागेतल्या कारखान्यानं मला
हायफाँगला धाडलं, पंपांच्या झडपा तपासायला.
तीन महिने. बॅगेत शेंगदाण्याची चटणी
आणि अथणीच्या कडक भाकरी, मोजून चोवीस,
जणू तिकडं माणसं जेवतच नाहीत.

बाराव्या दिवशी भाकरी संपल्या.
पहाटे गल्लीच्या तोंडाशी वाफ दिसली.

एक म्हातारी. पातेल्याच्या तोंडावर फडकं ताणून बांधलेलं,
त्यावर पळीभर तांदळाचं पीठ, पळीच्याच बुडानं पसरलेलं.
झाकण.
माझी नोकरीच मोजायची, म्हणून मोजलं: वीस सेकंद.
मग बांबूची चपटी काठी सारून
तिनं तो भात कापडासारखा उचलला.
पलीकडून तिची बोटं दिसली.

शहापुरात शेवंताक्का मुतगेकर
मांड्याची कणीक कोपरापर्यंत ताणते, उलट्या खापरावर टाकते,
तेव्हा तिचीही अशीच दिसतात.

बाजूचा पोरगा म्हणाला, हिला बा म्हणायचं.
मी हसलो.
हो, हसलो. बेळगावात आम्ही बायका अशाच बोलतो,
पुण्याच्या जावांना त्याचं काय ते वाटू दे.
बा म्हणजे आमच्यात बाप.
आणि भिंतीपलीकडच्या शिवलीलाक्का कट्ट्यावरून
बा, बा म्हणतात, म्हणजे ये.
ये आणि सांग, ऊटा आत? जेवण झालं?

म्हातारीनंही तेच विचारलं: आन कोम चुआ?
भात खाल्लास का अजून.

मग सुट्टी मिळेल तशी खाली खाली गेलो, रेल्वेनं.
हानोईत हाडं रात्रभर उकळून
शेवटी पाण्यासारखा दिसणारा रस्सा.
हुएमध्ये डोळ्यांत पाणी, नाकात पाणी,
वाढणारी बाई मात्र गंभीर,
संकेश्वरच्या बाजारात मिरची विकतात तशी.
एके ठिकाणी मिठात वाटलेले मुंगळे आले.
सोबतचे दोन इंजिनीयर उठून गेले.
मी खानापूरच्या आजोळचा घास ओळखला,
बशी पुसून खाल्ली.
सायगावला कशातही साखर. कुंद्याच्या गावची मी, तरी दचकलो.
इथून तिखट संपलं, इथून गोड लागलं,
अशी पाटी कुठं नव्हती.
आमच्याकडं पाट्या पुष्कळ.
तरी निपाणीची मावशी बेळगावच्या आमटीला
अजून औषध म्हणते.

निघताना बानं वाळलेल्या भाताच्या कागदांचा गठ्ठा दिला,
केळीच्या सोपानं बांधून.
बंगळूरच्या विमानतळावर तो तिघांनी हुंगला.

शेवंताक्कानं एक कागद ट्यूबलाइटकडं धरला.
साखर न्हाई?
न्हाई.
कोपरा मोडून जिभेवर ठेवला, डोळे मिटले,
किती वेळ, ते मोजायचं राहिलं.
ह्यो ताणलेला न्हवं. ओतलेला हाय.
खरं हात चांगला हाय बाईचा. नाव काय तिचं?
बा.
बा काय नाव असतंय व्हय?

तीन महिन्यांत मी सतरा पदार्थांची नावं
सुरासकट पाठ केली होती.

अक्कानं कागद भिजवला, खसखस-साखर भरली. फाटला.
दुसरा फाटला.
तिसऱ्यात माझ्या बॅगेतून परत आलेली चटणी भरली,
तो टिकला. आम्ही दोघींनी उभ्यानंच खाल्ला.

पुढच्या सोमवारी कंपनीचा बसलिंग नागनूर
तिकडं चाललाय. डबाभर मांडे दिलेत.
पोचेस्तोवर चुरा होणार, हे तिघांनाही ठाऊक आहे.
बसलिंग म्हणतो, गल्लीचं नाव सांगा, नंबर सांगा.
मी वाफ सांगतो, पहाट सांगतो,
कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान.

अक्का कानडी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली.
तिनं मार्कर मागून घेतला,
झाकणावर जोर देऊन एकच अक्षर काढलं,
तिला येतं त्या लिपीत:
बा.